नेवाळकरांची वंशावळ आणि दप्तरांची साक्ष

झाशी जिल्ह्यातील मऊरानीपुर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेठ म्हणून भरभराटीस आले, ते छत्रपूरच्या राजाच्या जाचामुळे तिकडे आलेल्या व्यापाऱ्यांना झाशीचे सुभेदार रघुनाथ हरी नेवाळकर यांनी आश्रय दिला म्हणून. परंतु हे नेवाळकर मूळचे कोकणातले, लांजे परिसरातील कोट गावचे, आणि त्यांची एक शाखा खानदेशात पारोळ्यास नांदत होती. अशा दूरवर पसरलेल्या घराण्याची वंशावळ सिद्ध करू पाहणाऱ्यास कुलाभिमानाच्या आख्यायिका पुरत नाहीत. त्याला दप्तरेच उघडावी लागतात.

यांत अग्रमान पुण्याच्या पेशवे दफ्तराचा. तेथील सुमारे 35 हजार रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गाठोड्यांत, सनदा, नेमणुका, जमाखर्च आणि वतनांचे तंटे मोडी लिपीत बद्ध आहेत. रकमेची नोंद करणाऱ्या कारकुनास कोणाचे कुल थोर ठरवायचे नव्हते, म्हणूनच त्याची साक्ष निःस्पृह. आणि व्यक्तीच्या नावापुढे पित्याचे नाव लिहिण्याच्या प्रघातामुळे ‘रघुनाथ हरी’ एवढ्यावरून शोधक एक पिढी वर चढतो. कागदावरील कालगणनेच्या सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन हाती येतो. त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांशी हे नाव ताडून पाहिले, म्हणजे नातेसंबंधांना दुसरा आधार मिळतो.

वंशावळीवर किती अवलंबून असते, हे झाशीने सोसून पाहिले. झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी भाऊबंदांतील आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले व दुसऱ्याच दिवशी देह ठेवला. ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या 1817 च्या तहाने झाशीचे तत्कालीन अधिपती रामचंद्रराव यांच्या वारसांना वंशपरंपरेने राज्य मान्य झाले होते, या आधारावर गंगाधररावांच्या पत्नी राणी लक्ष्मीबाई यांनी खलित्यांतून हक्क मांडला, तरीही गव्हर्नर जनरल डलहौसीने 1854 साली संस्थान खालसा केले. पुढे इंग्रजांनी झाशी घेतल्यावर झालेल्या 1858 च्या लुटीत राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश झाला. त्याचे वर्णन प्रत्यक्षदर्शी विष्णुभट गोडसे यांनी करून ठेवले आहे.

जे झाशीत नष्ट झाले त्याचा मागोवा आता पुणे, दिल्ली आणि घरोघरच्या पेट्यांतील कागदांतूनच घ्यावा लागेल. म्हणून बुंदेलखंडातल्या मराठी कुटुंबांनी आपली जुनी पत्रे अभिलेखागाराच्या स्वाधीन करावीत आणि तरुणांनी मोडी शिकावी; कारण न वाचलेले दप्तर आणि जळालेले दप्तर यांत वंशजांच्या दृष्टीने फारसे अंतर उरत नाही.