दुष्काळापूर्वीची तजवीज

दुष्काळ ओसरला म्हणजे वर्गणी मागणारांची ये-जा थांबते, आणि उदार सद्गृहस्थांसही आपले कर्तव्य संपले असे वाटू लागते. नेमक्या त्याच वेळी हे विनंतिपत्र आम्ही आपणापुढे ठेवीत आहो. त्याचे कारण लातूरच्या उदाहरणावरून ध्यानी येईल.

सन २०१६ च्या एप्रिलात त्या शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि सुमारे ४ लाख वस्तीचे शहर मुख्यतः त्या एका धरणावर विसंबून होते. पहिल्या गाडीस १० टाक्या, प्रत्येकीत सुमारे ५०,००० लिटर; म्हणजे माणशी सव्वा लिटर, एक तांब्याभर! पुढे टाक्या ५० झाल्या, तरी माणशी सहा लिटरांवर हिशेब फारसा गेला नाही. आणि हेही साधले ते मिरजेस कृष्णेचे पाणी व लोहमार्ग आधीच होते म्हणून. तहान लागल्यावर विहीर खणू नये हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? तरी शहरेच्या शहरे तेच करीत असतात.

नीरेच्या कालव्याचे काम १८७६ च्या दुष्काळात मजुरांस पोटास मिळावे म्हणून सुरू झाले. त्याच्या पाण्यावर बारामतीकडील शेते आजही भिजतात. उलटपक्षी १९७२ च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडीत बसले. प्राण वाचले, हे थोडे नव्हे. परंतु जेथे कामाचा आराखडा आधी तयार नव्हता, तेथे मागे टिकाऊ असे फारसे उरले नाही. त्या संकटातून एक भक्कम वस्तू मात्र निघाली, ती रोजगार हमीचा १९७७ चा कायदा. त्याच योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसला. तो भरताना व्यापारी बंधूंच्या कपाळी आठ्या पडतात (आम्हां वकिलांचीही त्यातून सुटका नाही). तथापि शहराच्या कमाईतून खेड्यातील मजुराची बेगमी अगोदरच करून ठेवण्याची ही तजवीज आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

यास्तव कमिटीने काही द्रव्य सुकाळातच खर्चण्याचे योजिले आहे: जुन्या तलावांतील गाळ काढणे, गावच्या एकुलत्या विहिरीस दुसरीची जोड देणे, कामांचे आराखडे करून ठेवणे. अशा कामांत देणाराचे नाव फारसे गाजत नाही, हे आम्ही लपवीत नाही. जमीनदार मंडळींनी गाळ आपल्या हलक्या रानांत स्वखर्चाने नेल्यास वाहतुकीचा भार कमिटीवर पडणार नाही. वर्गणीदारांनी आपली रक्कम या खात्यास द्यावयाची की प्रत्यक्ष अन्नदानास, हे स्पष्ट लिहून कळवावे. दोहोंचे हिशेब निरनिराळे ठेविले जातील.