बोरीच्या सांडव्यावरचा फेरफटका

मुंबईकर संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जातो तेव्हा समोरचे पाणी कुणी साठवले, कुणी सोडले, असा प्रश्न त्याला पडत नाही. धाराशिव जिल्ह्यात तो पहिलाच प्रश्न आहे. बालाघाटच्या रांगा इथले पाणी दोन खोऱ्यांत वाटून देतात: तेरणा मांजरेमार्गे गोदावरीकडे जाते, बोरी भीमेकडे. दोन्हीकडची पात्रे उन्हाळ्यात उघडी पडतात. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ती आठवण अजून ताजी आहे. तरीही पाण्याकाठी फिरावे, चार घास खावेत, पोरांना नावेत बसवावे, ही हौस या जिल्ह्यालाही आहे आणि ती बोरीकाठच्या नळदुर्ग किल्ल्यात भागते. माझे म्हणणे एवढेच, की नळदुर्गचा पाणकाठ हंगामी आहे आणि त्याचे नियोजनही हंगामीच असावे. पर्यटकांच्या डोळ्यांसाठी तिथे बारमाही पाणी राखण्याचा मोह कुणाला झाला, तर तो मोडून काढावा.

याला आधार खुद्द बांधकामाचा आहे. नळदुर्ग आणि पलीकडचा रणमंडळ यांना जोडणारा बोरीवरचा बंधारा मुळात लष्करी गरजेचा. आदिलशाहीच्या सरहद्दीवरच्या या किल्ल्याला 1580 च्या दशकाच्या सुरुवातीला निजामशाही आणि कुतुबशाहीच्या फौजांनी वेढा घातला होता. तटाला पाणी भिडलेले असणे आणि आतल्या शिबंदीला ते पुरणे, दोन्ही जिवाचे प्रश्न होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीन या स्थपतीने बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बसवला. काळ्या दगडाच्या भिंतीतून पायऱ्या उतरून खाली जावे, तर कमानीच्या खिडक्यांचे दालन लागते. बंधारा भरून वाहू लागला की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळतात, खिडकीबाहेर पाण्याचा पडदा धरतो आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. क्रम ध्यानात घ्या: आधी साठा, मग सांडवा आणि सांडव्यातून शोभा. तहान भागून जे उरले त्यावर सुलतानाने आपली चैन बसवली. राजेलोकांच्या शौकात इतका हिशेबीपणा क्वचितच दिसतो!

आजही तोच क्रम लागू आहे, फक्त साखळीत एक कडी वाढली. किल्ल्याच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून सांडव्यावरून पाणी सुटले, की नर-मादी वाहतात आणि रविवारी किल्ल्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. ज्या वर्षी धरण भरत नाही, त्या वर्षी धबधबाही नाही. अहमदाबादच्या साबरमतीकाठाचे उदाहरण इथे हमखास दिले जाते. पण तिथले पात्र नर्मदेच्या कालव्याच्या पाण्याने भरलेले दिसते. बोरीला असे कुठले पाणी आणणार? वरच्या धरणातून देखाव्यासाठी पाणी सोडायचे, तर ते नळाच्या आणि पिकाच्या वाट्यातून जाणार.

यावर आक्षेप येतो तो पोटाचा. दोन महिन्यांच्या धबधब्यावर भजी-चहाचा गाडा लावणाऱ्याने उरलेले दहा महिने काय करावे? आक्षेप खरा आहे. पण तो गर्दीचे पंचांग फक्त पावसावर मांडतो. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे आणि तुळजापूर तासाभराच्या आत. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत तुळजाभवानीला लोटणारा समुदाय इथून हाकेच्या अंतरावर असतो. खंडोबाचे तर विचारूच नका: देव वर्षातले सव्वादहा महिने अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला राहतो, दोन्ही गावच्या मानकऱ्यांत तसा लेखी करार होतो आणि पौष पौर्णिमेला नळदुर्गलगतच्या मैलारपुरात यात्रा भरते. ज्या गावात देवाचा मुक्कामही हंगामी आहे, तिथल्या धंद्याला हंगामाचे वावडे नसावे. शिवाय खाण्याला नदीच्या पाण्याची गरज नाही. उस्मानाबादी शेळीचे मटण, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि भूमकडच्या खव्याचे पेढे ही जिल्ह्याची ओळख बारमाही आहे. किल्ल्याच्या दारात ती न मिळता पाकिटबंद कुरकुरीतच जास्त मिळावे, हे मात्र खटकते.

दुसरा आक्षेप व्यवस्थापनाचा. राज्य संरक्षित स्मारकांच्या संगोपन योजनेत हा किल्ला सोलापूरच्या एका कंपनीकडे देण्यात आला. बागा झाल्या, नौकाविहार सुरू झाला. वास्तूचा बाजार झाला असे काहींना वाटते. झाडोऱ्याने गिळलेला तट आणि झाडलेली वाट यांत मी वाट निवडीन. कारंज्या-हिरवळीचा सोस मात्र याच दुष्काळी तर्काने तपासायला हवा. किल्ल्यात पाहण्याजोगे पाण्यावाचूनही उदंड आहे: नव पाकळ्यांचा नवबुरुज, उपळ्या बुरुजावरून दिसणारा दूरवरचा मुलूख, 1853 ते 1857 या काळात इथे इंग्रजांचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरच्या आठवणी. आणि पाणी ओसरल्यावरचा बंधारा तर जाणकाराने मुद्दाम चैत्रात पाहावा. धारांनी पावसाळ्यात झाकलेली चिरेबंदी तेव्हा उघडी असते. दगड कसे सांधले, पाण्याला वाट कुठे काढून दिली, हे पात्रात उतरून सावकाश वाचता येते आणि त्या दिवसांत गर्दीही नसते.