कल्पित देशाची लोककथा आणि त्या देशातील अविश्वासू माणसे : टॉल्कीनच्या ‘मिडल-अर्थ’च्या संदर्भात

प्रास्ताविक

लोककथा समाजमनातून पिढ्यान्‌पिढ्या घडत जाते. तिचा कर्ता अज्ञात असतो. मग ज्या देशाचा भूगोल, भाषा व वंशावळी एकाच लेखकाने कल्पिल्या आहेत, त्या देशाला लोककथा असू शकते काय? जे. आर. आर. टॉल्कीन (१८९२–१९७३) यांच्या ‘मिडल-अर्थ’ या कल्पित भूमीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे उद्बोधक ठरते. टॉल्कीन १९२५ ते १९४५ या काळात ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या त्यांच्या कृतींमधील अद्भुत जीवांचा परिचय बहुधा एखाद्या सूचीच्या स्वरूपात करून दिला जातो. परंतु केवळ सूचीतून लोककथा सिद्ध होत नाही. त्या जीवांविषयी त्या देशातील माणसे काय बोलतात, कोण विश्वास ठेवते आणि कोण हसते, हे पाहणे अगत्याचे आहे.

शब्दांतून जन्मलेले जीव

टॉल्कीन यांचे अनेक जीव प्रथम शब्द होते. ‘एंट’ हा प्राचीन इंग्रजीतील राक्षसवाचक शब्द होय. भग्न दगडी बांधकामे ही एंटांची करणी, असा संकेत प्राचीन इंग्रजी काव्यात आढळतो. त्या शब्दाला टॉल्कीन यांनी वृक्षपाल महाकायांचे रूप दिले. ‘ऑर्क’ हा शब्दही प्राचीन इंग्रजीतील, तर ‘वार्ग’ या दुष्ट लांडग्याच्या नावामागे लांडगा व बहिष्कृत मनुष्य असे दोन्ही अर्थ असणारा प्राचीन नॉर्स शब्द आहे. अशा रीतीने विस्मृत श्रद्धेचा एखादा अवशेष घेऊन त्यामागील संपूर्ण जीव कल्पिण्याची ही पद्धत होती. तथापि यातून जीव मिळाले. लोककथा मिळण्यासाठी लोक हवे होते.

अविश्वासाची योजना

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रारंभी शायर या हॉबिटांच्या प्रदेशातील एका मद्यगृहात एक संवाद घडतो. सॅम सांगतो की, त्याच्या चुलतभावाने उत्तरेकडील माळावर एल्म वृक्षाएवढा, चालणारा महाकाय पाहिला. टेड सँडीमन म्हणतो, तो एल्म वृक्षच असेल. त्या माळावर एल्म नाहीत, असे सॅमने सांगताच टेड उत्तरतो की, मग त्याने तो पाहिलाच नसणार. श्रोते हसतात, विषय संपतो. वाचकाला एंट प्रत्यक्ष भेटतात ते दुसऱ्या खंडात.

हा प्रसंग केवळ विनोदासाठी योजलेला नाही. ऐकीव वार्ता, नात्यातला साक्षीदार, दूरचे स्थळ आणि गावातला हुशार शंकेखोर ही कोणत्याही गावातील भूतकथेची परिचित सामग्री येथे एकत्र आली आहे. १९३९ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथेविषयी दिलेल्या व्याख्यानात टॉल्कीन यांनी कोलरिजच्या ‘अविश्वासाच्या ऐच्छिक स्थगिती’च्या कल्पनेवर आक्षेप घेतला होता. यशस्वी निर्माता एक दुय्यम विश्व उभे करतो आणि त्या विश्वाच्या नियमांनुसार वाचक त्यावर खरोखरच विश्वास ठेवतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा विश्वास साधण्याचा एक मार्ग कादंबरीत दिसतो : शंका घेण्याचे काम लेखकाने त्या देशातील रहिवाशांकडेच सोपविले आहे. वाचकाच्या मनातील प्रश्न टेड आधीच विचारून मोकळा होतो.

एका देशाचे वास्तव, दुसऱ्या देशाची दंतकथा

या देशात प्रत्येक जनसमूहाची दंतकथा वेगळी आहे. शायरमध्ये ज्यांना शेजारी म्हणून ओळखतात, ते हॉबिट रोहनच्या घोडेस्वारांना जुन्या गाण्यांतील बुटके लोक वाटतात. उलटपक्षी ट्रीबर्ड या वृद्ध एंटाला पाठ असलेल्या सजीवांच्या प्राचीन गणनेत हॉबिटांचा उल्लेखच नाही. त्यांच्यासाठी नवी ओळ जोडावी लागते. दंतकथेतील जीवाच्या दृष्टीनेही माणूस वा हॉबिट हा नोंद नसलेला प्राणी असू शकतो, हा विचार येथे मार्मिकपणे आला आहे.

लोथलोरिएनच्या वनातील गॅलाड्रिएल हिचे उदाहरणही बोलके आहे. वाचकाला ती विवेकी व करुणामय दिसते. रोहनमध्ये मात्र ती जाळे विणणारी मायाविनी म्हणून ओळखली जाते. म्हणजेच लोककथा नेहमी सत्यच सांगते, असा टॉल्कीन यांचा दावा नाही. अंतर वाढले, येणे-जाणे थांबले की स्मृतीची जागा भय घेते.

आजीबाईंच्या कथांचे मोल

या विवेचनाचा गाभा केलेबोर्न व बोरोमिर यांच्या संवादात सापडतो. फँगॉर्न अरण्याविषयीच्या वार्ता बोरोमिर मुलांना सांगावयाच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी म्हणून बाजूला सारतो. त्यावर केलेबोर्न त्याला बजावतो की, एके काळी शहाण्यांना आवश्यक असलेले ज्ञान पुष्कळदा वृद्ध स्त्रियांच्याच स्मृतीत टिकून राहते. पुढे रोहनचा राजा थेओडेन एंटांना प्रत्यक्ष पाहतो, तेव्हा ती गाणी आपण केवळ रिवाज म्हणून मुलांना शिकविली, त्यांचा अर्थ विसरलो, याची त्याला जाणीव होते.

तिसऱ्या खंडात याच विचाराचा कस लागतो. गोंडोरच्या रुग्णालयातील वनौषधितज्ज्ञाला किंग्जफॉइल या वनस्पतीची निरनिराळ्या भाषांतील नावे ठाऊक आहेत. पण तिचे औषधी सामर्थ्य मात्र तो मानत नाही. तिच्याविषयीचे जुने कवन त्याच्या लेखी अर्थ न कळता म्हटली जाणारी बडबड आहे. राजाचा हात हाच वैद्याचा हात, ही जुनी समजूत तेथील वृद्ध सेविका इयोरेथ हिला आठवते आणि त्या आठवणीतूनच आसन्नमरण रुग्णांच्या बचावाचा मार्ग खुला होतो. संज्ञा जाणणारा विद्वान आणि अर्थ जपणारी सेविका यांतील हा विरोध अध्यापकवर्गाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, कल्पित देशाला लोककथा लाभते ती जीवांच्या संख्येमुळे नव्हे, तर त्यांच्याविषयी होणाऱ्या मतभेदांमुळे. कोणी सांगतो, कोणी हसतो, कोणी अर्थ विसरून केवळ गाणे म्हणतो. या साऱ्यांच्या एकत्र असण्यातून ‘लोक’ सिद्ध होतात. लोकसाहित्याच्या प्रत्यक्ष संकलनालाही हे सूत्र मार्गदर्शक ठरावे. एखाद्या अद्भुत योनीचे नाव, रूप व निवासस्थान नोंदविणे आवश्यक आहेच; परंतु ती कथा कोणी सांगितली, सांगताना शेजारी कोण हसले आणि हसणाऱ्याने कोणता युक्तिवाद केला, हेही नोंदवहीत यावयास हवे. आजीबाईंच्या कथेवर डोळे झाकून विश्वास ठेवणे अभ्यासकाला शोभणारे नाही. पण ती पुरती ऐकून न घेताच निकालात काढणे म्हणजे माळावर एल्म नाही, म्हणून चुलतभावाने काही पाहिलेच नाही, असे ठरविणाऱ्या टेडच्या पंक्तीस जाऊन बसणे होय.