ब्रिटनमधले हिवाळी दाणापाणी

परसातल्या पाखरांना हिवाळ्यात खाऊ घालण्याची चाल ब्रिटनमध्ये रुजली ती १८९०-९१ च्या कडाक्याच्या थंडीत. वर्तमानपत्रांनी आवाहन केले आणि खिडक्यांबाहेर पावाचा चुरा पडू लागला. १९१० साली ‘पंच’ साप्ताहिकाने हा राष्ट्रीय छंद असल्याचे जाहीर केले. पुढची कित्येक वर्षे चुऱ्यावरच भागली. दुसऱ्या महायुद्धात तर अन्नाची नासाडी म्हणून तोही बंद झाला. १९६२-६३ च्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात इवल्याशा रेन पक्ष्यांचा संहार झाला. १९७९ पासून ‘आरएसपीबी’ या पक्षिसंरक्षण संस्थेची जानेवारीतली परसबागेतली पक्षीगणना सुरू झाली.

१९९० नंतर चुऱ्याची जागा बाजाराने घेतली. सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया, चरबीचे गोळे, शेंगदाणे आणि कारळेसुद्धा. महाराष्ट्रात ज्याची चटणी होते ते कारळे भारत आणि इथिओपियातून तिकडे जाऊ लागले आणि बारीक चोचीच्या गोल्डफिंचला परसदार आवडू लागले. पक्ष्यांची विविधता वाढली, हे श्रेय नाकारता येत नाही.

पण २००५ नंतरच्या दशकाने या हौसेची दुसरी बाजू उघडी पाडली. कबुतरांना होणारा ट्रायकोमोनोसिस हा परजीवीजन्य रोग फिंचांमध्ये शिरला. आजारी ग्रीनफिंच पिसे फुगवून दाण्यांजवळच बसून राहतो. चोचीभोवती लाळ, घसा सुजलेला. दाणा उचलतो, गिळता येत नाही, टाकून देतो. तोच ओला दाणा शेजारचा पक्षी टिपतो. २००६ ते २००९ या काळात ग्रीनफिंचांची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली. पोत्यांनी दाणे विकणाऱ्या व्यापाराने घासणीचा प्रचार तेवढ्या जोमाने केला नाही आणि हौशी मंडळींनाही भांडे भरण्यात जेवढा रस, तेवढा ते धुण्यात नव्हता. २०२१ मध्ये ब्रिटनच्या पक्षिसंवर्धन याद्यांत ग्रीनफिंच हिरव्या (सुरक्षित) यादीतून थेट लाल (धोक्यातल्या) यादीत गेला.

रोगाचा जोर उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरदात असतो. तेव्हा निसर्गात बिया मुबलक असूनही भांडी बारमाही भरलेली राहतात. खरी गरज असते ती बर्फाने जमीन झाकल्यावर. तेव्हाही दाणे थोडे, रोज संपतील एवढेच घालावेत, पाणी रोज बदलावे, भांडी आठवड्याला घासून पूर्ण वाळवावीत. परजीवी कोरड्यात टिकत नाही. आजारी पक्षी दिसला तर किमान दोन आठवडे दाणे बंद ठेवावेत. सपाट पाटावर लाळेचे दाणे साचतात, म्हणून ‘आरएसपीबी’ने २०२५ मध्ये अशा पाटांची विक्री थांबवली. निर्णय योग्यच, पण वीस वर्षे उशिराचा.