घरोघरच्या रुग्णसेविका : कष्टांना हवी कागदावरची ओळख

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची आणि शस्त्रक्रियेनंतर घरी परतलेल्या रुग्णांची शुश्रूषा अनेक घरांतून आता पगारी स्त्रियांच्या हाती आली आहे. कोणी त्यांना ‘मावशी’ म्हणते, कोणी ‘आया’, तर कोणी ‘सिस्टर’. मराठवाडा, विदर्भ व कोकणातील खेड्यांतून, तसेच झारखंड व छत्तीसगडसारख्या राज्यांतूनही स्त्रिया या कामासाठी येतात. वैधव्य, पतीने केलेला त्याग, कोरडवाहू शेतीचे अपुरे उत्पन्न आणि डोक्यावरचे कर्ज ही त्यामागील नित्याची कारणे होत.

या सेवेची गरज वाढतच जाणार आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्ती सुमारे १० कोटी ३८ लाख होत्या. कुटुंबे लहान झाली, मुले नोकरीनिमित्त परगावी गेली आणि वृद्धांची देखभाल करणारे माणूस घरात उरले नाही.

कामाचे स्वरूप

हे काम बारा तासांचे किंवा चोवीस तासांचे असते. रुग्णाला अंघोळ घालणे, भरविणे, मलमूत्र काढणे, वेळेवर औषधे देणे आणि पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून सुमारे दर दोन तासांनी कूस बदलून देणे ही त्यातील नित्याची कामे. धडधाकट माणसाचे वजन एकटीने उचलावे लागल्याने तिची स्वतःची कंबर मात्र लवकर जायबंदी होते.

परिचारिका आणि रुग्णसेविका यांतील भेद येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. परिचारिकेला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी करावी लागते. साहाय्यकारी परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा असतो. घरोघरच्या रुग्णसेविका बहुधा एकमेकींचे पाहूनच शिकलेल्या असतात. असे असूनही इंजेक्शन देणे किंवा नळीवाटे अन्न देणे अशी कामे त्यांच्याकडून करवून घेतली जातात. त्यात रुग्णाच्या जिवाला धोका असतो आणि काही विपरीत घडल्यास दोष तिच्या माथी येतो.

काम बहुधा ‘ब्यूरो’मार्फत मिळते. कुटुंब पैसे ब्यूरोकडे भरते, ब्यूरो आपले कमिशन कापून उरलेली रक्कम तिला देतो. लेखी करार नसल्यामुळे किती कापले हे तिला कळत नाही. चोवीस तासांच्या कामावर असताना रुग्ण दगावला, तर तिचे काम, जेवण आणि निवारा ही तिन्ही एकाच दिवशी संपतात.

कायद्याचा आधार

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा कोणत्या गावचे किती कामगार कोठे आहेत याची पुरेशी नोंदच उपलब्ध नव्हती. त्यानंतर २६ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू केली. आधार क्रमांकाच्या साह्याने ही नोंदणी विनामूल्य होते व कामगारास बारा अंकी क्रमांक मिळतो.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८ अन्वये १८ ते ६० वर्षे वयाच्या घरेलू कामगारांची नोंदणी केली जाते. रुग्णसेवेबरोबर घरातील अन्य कामे करणाऱ्या स्त्रियांनी कामाच्या जिल्ह्यातील कामगार विभागाच्या कार्यालयात याची चौकशी अवश्य करावी.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा अधिनियम खाजगी घरांनाही लागू आहे. घरकाम करणारी स्त्री, मग ती थेट नेमलेली असो वा ब्यूरोमार्फत, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. छत्तीसगडने २०१३ मध्ये आणि झारखंडने २०१६ मध्ये काम मिळवून देणाऱ्या खाजगी संस्थांवर नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदे केले आहेत.

गावाने काय करावे

या सवलतींचा मार्ग गावातूनच सुरू होतो. शहरात गेल्यावर कागदपत्रांसाठी सुटी मिळत नाही आणि सुटी घेतली तर रोज बुडतो. म्हणून बाई गाव सोडण्यापूर्वीच ग्रामपंचायत अधिकारी व सदस्यांनी तिचे आधार, बँक खाते आणि ई-श्रम नोंदणी पूर्ण करून घ्यावी. ब्यूरोचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक यांची नोंद तिच्या संमतीने पंचायतीत ठेवावी. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेमुळे पात्र कुटुंबाला परगावच्या रास्तभाव दुकानातूनही धान्य घेता येते, हे तिला समजावून सांगावे.

शिक्षकांवरील जबाबदारीही मोठी आहे. आई परगावी आणि मूल आजीपाशी, अशा घरांतील मुलांची हजेरी प्रथम घसरते. तेथे वेळीच लक्ष घालावे. मूल आईसोबत गेले, तर शिक्षण हक्क अधिनियम, २००९ नुसार शाळा सोडल्याच्या दाखल्याला विलंब झाला म्हणून नव्या शाळेला त्याचा प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही.

दुसऱ्याच्या घरचे दुखणे काढणारी ही स्त्री स्वतः आजारी पडली, तर तिची काळजी कोणी घ्यावयाची, या प्रश्नाचे उत्तर केवळ कायद्याने मिळणार नाही. तिचे नाव, काम आणि मजुरी कागदावर आली, तरच कायदा तिच्यापर्यंत पोहोचेल. ती पहिली नोंद करणे गावाच्या हाती आहे.