सालीचं औषध आणि पेशीच्या दोन सह्या

आम्ही तुंगार्लीच्या बचत गटाच्या बाया. आमच्या बैठकीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, अमुक झाडाची साल उगाळून घेतली की गाठ विरते. सालीची एक खरी गोष्ट आहे, तीच आज सांगतो.

आतड्याच्या आतलं अस्तर थोड्या थोड्या दिवसांनी नवं होतं, म्हणजे तिथल्या पेशी सारख्या एकीच्या दोन होत असतात. पण परवानगीशिवाय नाही. गटाचे पैसे काढताना बँक दोघींच्या सह्या मागते, तसंच. पेशीत एक सही सीडीके नावाच्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, आणि दुसरी सायक्लिन या प्रथिनाची. दोन्ही जुळल्या की पेशी पुढच्या टप्प्यात जाते. हे उलगडणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चं नोबेल मिळालं. (नर्स हे आडनाव आहे बरं का!) कॅन्सरच्या पेशीत मात्र या सह्या ऊठसूट होत राहतात.

मग सीडीकेचा हातच धरला तर? असं औषध निघालं ते आपल्या मुंबईत. डिसोक्सिलम बायनेक्टॅरिफेरम हे कडुनिंबाच्या कुळातलं झाड सह्याद्रीतही वाढतं. त्याच्या सालीत रोहिटुकीन नावाचं द्रव्य सापडलं. हेक्स्ट कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांचा शोध खरं तर सुजेवरच्या औषधाचा होता. त्या द्रव्यावरून फ्लेवोपिरिडॉल तयार झालं, आणि सीडीके अडवणाऱ्या औषधांपैकी माणसांवर तपासलं गेलेलं ते जगातलं पहिलं ठरलं.

पण आतड्याच्या कॅन्सरवर ते एकटं दिलं तेव्हा गाठी आटल्या नाहीत. ते एका नव्हे, अनेक सीडीकेंना अडवतं, निरोगी पेशींनाही सोडत नाही. सुरुवातीच्या चाचणीत इतके जुलाब झाले की डोस वाढवता येईना. पुढे फक्त सीडीके ४ आणि ६ अडवणाऱ्या गोळ्या आल्या. त्यातली पॅल्बोसायक्लिब २०१५ पासून अमेरिकेत मिळते, पण स्तनाच्या काही कॅन्सरसाठी. आतड्यासाठी अजून शोध चालू आहे.

शुद्ध केलेलं, मोजूनमापून दिलेलं द्रव्य जिथे पुरं पडलं नाही, तिथे पुडीतल्या सालीवर भरवसा कसा ठेवायचा?

आज या कॅन्सरवर ऑपरेशन आणि गरजेप्रमाणे केमो हाच मुख्य उपचार आहे. केमोतलं फाइव्ह-एफयू हे १९५७ पासून माहीत असलेलं औषधही एका विकरालाच धरतं. डीएनएची नक्कल करायला लागणारा एक घटक ते विकर बनवतं. तोंडाच्या, आतड्याच्या निरोगी पेशीही भराभर वाढतात, म्हणून केमोत तोंड येतं, जुलाब होतात.

गाठ लवकर सापडली तर कित्येकदा ऑपरेशनवरच भागतं. आपल्या बाया मात्र शौचातून रक्त गेलं की मूळव्याध म्हणतात आणि वर्षवर्ष बोलत नाहीत. रक्त जात असेल, शौचाची सवय बदलून काही आठवडे झाले असतील, वजन किंवा हिमोग्लोबिन कारण नसताना उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ते सांगतील तर दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करून घ्या. लाज वाटत असेल तर बाई डॉक्टर मागा. गाडीभाड्याची अडचण असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज याच कामासाठी आहे, आणि सोबतीला आमच्यातली एक जण येईल.