विदर्भातील पुरातन नाण्यांचा संग्रह : एक मागोवा

विदर्भाच्या मातीतून रोमन सम्राटांची कांस्यनाणी फारशी निघत नाहीत. रोमशी व्यापारात भारताला हवे होते ते सोने-चांदी. हलक्या धातूची रोमन नाणी मिळतात ती बहुतांशी चौथ्या-पाचव्या शतकातली, बारीक, आणि तीही तमिळनाडू व श्रीलंकेत. नागपूरच्या संग्राहकाची सुरुवात म्हणूनच सातवाहनांच्या पोटीन, म्हणजे तांबे-कथील-शिसे अशा मिश्रधातूच्या, नाण्यांपासून होते. त्यांवर एका बाजूला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे, असते.

नागपुरात 1863 साली मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, उभे राहिले. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सरकारला कळवण्याची सक्ती 1878 च्या कायद्याने आली. त्यानंतरची साठ वर्षे वेगाने ओलांडायला हरकत नाही. 1939 साली मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळ्यात दीड हजारांवर पोटीन नाणी एकत्र सापडली आणि इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली. कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी हे पुराणांच्या यादीत नसलेले राजे त्यातून पुढे आले. ठेवा फुटून गुजरीत विकला गेला असता, तर हे राजे एकमेकांशेजारी आलेच नसते.

सर्वांत भरीव दशक 1969 नंतरचे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये वैनगंगेकाठी पवनीला उत्खनन केले. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल 1972 मध्ये निघाला. सातवाहन नाणी आणि उत्खननांत मिळालेली नाणी यांवरचा अजयमित्र शास्त्री संपादित ग्रंथही त्याच वर्षीचा. नाणे कोणत्या थरात आणि कशासोबत मिळाले, हा प्रश्न त्या काळी पहिला असे, किंमत नंतर. अहवाल दोन-तीन वर्षांत छापून निघे, हेही आज नवलाचे वाटावे.

1972 चा पुरावशेष कायदा 5 एप्रिल 1976 पासून अमलात आला. विक्रीला परवाना लागू लागला, खासगी निर्यात बंद झाली. मूर्तींची आणि चित्रांची नोंदणी सक्तीची झाली, नाणी मात्र त्या यादीबाहेर राहिली. ही चूक महागात पडली. नाणे कुठून आले हे लिहून ठेवण्याचे कोणतेच बंधन संग्राहकावर उरले नाही.

आता संग्रह फोटो पाहून होतो. चिंच-लिंबाने घासून, वरचा हिरवा थर घालवलेले नाणे ‘उत्तम स्थितीत’ म्हणून विकले जाते आणि स्थळाच्या रकान्यात फार तर ‘दख्खन’ असते. उशिराच्या रोमन कांस्यनाण्याला हे एक वेळ परवडते, कारण तळाच्या अक्षरांवरून टांकसाळ कळते. अँटिओक की सिसिया, हे नाणेच सांगते. पोटीन नाण्यावर टांकसाळीचे नाव नसते. ते कुठे पाडले आणि कुठवर चालले, हे ठरवायला सापडल्या ठिकाणाइतका भक्कम आधार दुसरा नाही.